उन्हाळ्यांतील सहल आणि घरांतील लहान मूल

चैत्र सरत आला, कैऱ्यांना पाड लागूं लागला आणि शहरांतील गच्च्या रात्रीं उशिरापर्यंत तापलेल्या राहूं लागल्या, कीं घरोघर शनिवार-रविवारच्या सहलींचे बेत सुरू होतात. बेत करणारीं माणसें मोठीं असतात. ज्याच्या नांवानें बेत होतो तें तीन-चार वर्षांचें मूल त्या मसलतींत नसतें. त्यामुळें सहल आखली जाते मोठ्यांच्या घड्याळानें, आणि पार पाडावी लागते मुलाच्या इवल्याशा पायांनीं. दुपारीं एक वाजतां भर उन्हांत मूल रस्त्यांतच बसकण मारतें, आई कावते, वडील चिडतात, आणि ‘पुन्हा कोठें म्हणून नेणार नाहीं’ या वाक्यानें दिवसाची सांगता होते. अशा वेळीं मूल हट्टी ठरतें. वास्तविक चुकलेला असतो तो बेत.

एवढ्या लहान वयांत नेलेलें त्याच्या लक्षांत तरी कोठें राहणार, असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतात. तो अगदींच गैर नव्हे. तिसऱ्या वर्षापूर्वींचे प्रसंग मोठेपणीं बहुतेकांस आठवत नाहींत, हें मानसशास्त्रहि सांगतें. परंतु आठवण राहिली नाहीं म्हणून संस्कार झाला नाहीं असें होत नाहीं. बोलूं लागल्याचा दिवस कोणासच आठवत नाहीं. भाषा मात्र जन्मभर राहते. चित्रांच्या पुस्तकांतील हत्ती आणि सोंडेनें अंगावर माती उडविणारा खराखुरा हत्ती, ‘समुद्र’ हा शब्द आणि पावलांखालून सरकणारी ओली वाळू, यांची गांठ ह्याच वयांत पडावयाची असते. तेव्हां सहलीचें यश किती स्थळें पाहिलीं यावर मोजावयाचें नसून, मुलास एखादी वस्तु मनसोक्त पाहतां आली कीं नाहीं, यावर मोजावयाचें असतें.

याकरितां सूत्र करावयाचेंच तर तें ‘एक सकाळ, एक स्थळ’ असें करावें. सहाच्या सुमारास घर सोडावें आणि अकराच्या आंत घरीं परतावें. तें न साधल्यास दुपारची झोप पुरती होऊं देऊन साडेचारनंतर निघावें. मुलाची दुपारची झोप ही सहलीसाठीं मोडण्याची वस्तु नव्हे. ती मोडली तर संध्याकाळ सर्वांनाच जड जाते. जाण्यायेण्याचा वेळ प्रत्यक्ष खेळण्याच्या वेळेहून अधिक होत असेल, तर तें स्थळ तूर्त दूरचें समजावें. मुंबईकरांनीं तर रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशींच पाहून ठेवावा; उन्हाच्या वेळीं फलाटावर मूल कडेवर घेऊन पाऊण तास उभें राहण्यांत सहलीचा निम्मा उत्साह खर्च होतो.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हें या सूत्राचें चांगलें उदाहरण आहे. २०१७ सालापासून तेथें पेंग्विन पाहण्यास लोकांची रीघ लागते. ते अवश्य दाखवावे. परंतु प्रत्येक पिंजऱ्यापुढें हजेरी लावण्याचा अट्टहास नसावा. मूल मुंग्यांची रांग पाहण्यांत रमलें तर तेंहि प्राणिदर्शनच होय. त्याच आवारांत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, एक भव्य दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरील. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो मोडला, व पुढें त्याचे तुकडे सांधण्यांत आले. घारापुरीस जावयाचें म्हणजे गेटवेपासून सुमारें तासभर बोट, आणि वर शंभराहून अधिक पायऱ्या. तीन वर्षांच्या मुलास तेथील त्रिमूर्तीपेक्षां हा हत्तीच अधिक कळेल. लेण्यांस थांबावयास चार वर्षें कांहींच नाहींत.

समुद्रकिनाऱ्याचा बेत पंचांग पाहूनच करावा. कोंकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा, कीं तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास येतो. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे त्या दिवशीं सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पूर्ण भरती. लहान मुलांसाठीं ती सायंकाळ सोयीची नव्हे. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारीं बाराच्या आंतबाहेर येते व संध्याकाळीं वाळूचा विस्तीर्ण पट्टा मोकळा होतो. हा केवळ अंदाज असल्यानें निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीचें छापील कोष्टक पाहावें हें उत्तम. आणि ओहोटी असली तरी मुलाचा हात सोडूं नये. ओहोटीचें पाणी आंत ओढतें, ही गोष्ट मुलास ठाऊक नसते.

पुणेकरांस सकाळची पर्वती पुरे. वर पोहोंचलेंच पाहिजे असें नाहीं. ज्या पायरीवर मूल दमेल, तेथें बसून तें चढलें तेवढ्या पायऱ्या त्याच्याकडून मोजून घ्याव्या. एक रात्र बाहेर राहण्याची सवड असेल तर माथेरान विशेष सोयीचें, कारण खासगी मोटारींना दस्तुरीच्या पुढें प्रवेश नाहीं. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी आगगाडी दोन तासांहून अधिक वेळ घेते. मोठ्यांस ती संथ वाटते, मुलास ती गाडी हीच सहल असते. मात्र तेथील माकडें हातांतील खाऊ हिसकावून घेतात, म्हणून रस्त्यानें खातां खातां चालूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट उन्हाची. लहान मुलाचें अंग मोठ्यांपेक्षां लवकर तापतें. वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार अधिक, घाम कमी, आणि खेळाच्या भरांत तहान लागल्याचें त्यास उमगतहि नाहीं. मुंबईचा पारा पुण्याइतका चढत नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. दमट हवेंत घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळल्यावांचून अंग निवत नाहीं. म्हणून सैल सुती कपडे, कानांवर येणारी टोपी, आणि मूल मागो वा न मागो, दर अर्ध्या तासानें चार घोट पाणी. सहा महिन्यांच्या आंतील बाळास मात्र पाणी न देतां आईचें दूधच अधिक वेळां पाजावें. पूर्वीं प्रवासांत फिरकीचा तांब्या सोडीत नसत. आज बाटल्या आल्या, तरी घरचें पाणी बरोबर नेण्यामागील शहाणपण तेंच आहे. खावयास दुधांत भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, चुरमुरे, केळीं. दहीभात उन्हांत लवकर आंबतो.

मूल एकाएकीं मलूल झालें, अंग कढत लागलें, उलटी झाली किंवा बराच वेळ लघवी झाली नाहीं, तर सहल तेथेंच संपली असें समजावें. त्यास सांवलींत न्यावें, कपडे सैल करावे, ओल्या फडक्यानें अंग पुसून वारा घालावा. एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजावें. मूल गुंगींत जाऊं लागलें किंवा त्यास झटका आला, तर तोंडानें कांहींहि न देतां तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि बंद मोटारींत ‘दोन मिनिटांत येतों’ म्हणून मुलास ठेवून जाणें, हें कोणत्याहि कारणासाठीं होतां कामा नये.

आणखी एक गोष्ट घरांतील कर्त्या पुरुषांसाठीं. पुष्कळ घरांतून सहलीचा दिवस गृहिणीस दुप्पट कामाचा जातो. पहांटे उठून डबे तिनें करावयाचे, पिशवी तिनें वाहावयाची, मूल तिनें सांभाळावयाचें आणि परतल्यावर भांडीं तिचींच. मुलास घेऊन फिरण्याचें काम त्या दिवशीं वडिलांनीं अंगावर घेतलें, तर आईस दोन तास झाडाखालीं स्वस्थ बसतां येतें, आणि एरवीं फक्त रात्रीं भेटणारे वडील मुलास दिवसाउजेडीं लाभतात.

अशा वयाचे उन्हाळे मोजकेच असतात. पुढें शाळा येते, मित्र येतात आणि मूल स्वतःच्या सहली स्वतः ठरवूं लागतें. तोंपर्यंत त्याच्या चालीनें चालावें. सकाळीं साडेनऊ वाजतांच त्यानें ‘घरीं जाऊं या’ म्हटलें, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहींत असें न म्हणतां परत फिरावें. आपलें म्हणणें ऐकलें जातें हें ज्यास कळलें, तें मूल पुढच्या रविवारीं आपण होऊन टोपी घेऊन दाराशीं उभें राहतें.