झाशी, १८५४ ते १८५८ : राज्यकर्त्यांचे वर्तन आणि सशस्त्र प्रतिकार

परकी सत्ता आपल्याविरुद्धच्या उठावाचे मूळ बहुधा बंडखोरांच्या कटात शोधते. झाशीत मात्र तडजोडीची एकेक वाट सत्तेनेच बुजवत नेली, तेव्हा शस्त्राखेरीज उपाय उरला नाही. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर निवर्तले आणि त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात सामील केले. त्या वेळी त्यांच्या पत्नी राणी लक्ष्मीबाईंनी तलवार उपसली नाही. त्यांनी खलिते धाडले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला आणि लंडनपर्यंत दाद मागितली.

खालसा होण्यापेक्षाही पुढचे वर्तन जास्त झोंबले. दरमहा पाच हजारांच्या तनख्यातून पतीचे कर्ज वळते करण्याचा आग्रह धरला गेला, संस्थानची फौज मोडल्याने शिपाई घरी बसले, महालक्ष्मीच्या देवस्थानाची गावे काढून घेण्यात आली आणि शहरात गोवधाला मोकळीक मिळाली. या साऱ्यातून सरकारी तिजोरीत पडलेली भर किरकोळच होती. अपमान मात्र वाड्यापुरता न राहता घरोघर पोहोचला.

जून १८५७ मध्ये कंपनीच्याच शिपायांनी उठाव केला आणि जोखन बागेत सुमारे साठ युरोपीय, बायकामुलांसह, मारले गेले. हे कृत्य निर्घृण होते. आधीच्या कोणत्याही अन्यायाने त्याचे समर्थन होत नाही. राणींनी घडला प्रकार कमिशनर अर्स्किन याला कळवला, त्यानेही २ जुलैच्या पत्राने इंग्रजी फौज येईपर्यंत कारभार पाहण्यास सांगितले. तरीही वरिष्ठांनी ठपका त्यांच्यावरच ठेवला. ओरछाच्या फौजेने वेढा घातला तेव्हा कंपनीची कुमक आली नाही, आणि स्वसंरक्षणासाठी उभारलेले सैन्यच पुढे इंग्रज सेनापती सर ह्यू रोझच्या तोफांसमोर उभे राहिले.

३ एप्रिल १८५८ रोजी तट पडल्यावर ज्याला त्या काळी ‘बिजन’ म्हणत, ती सरसकट कत्तल सुरू झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा शहरात होते आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये पेटवलेला हलवाईपुरा, विहिरींत उड्या घेणारी माणसे आणि उद्ध्वस्त झालेला राजवाड्यातला ग्रंथसंग्रह यांचे वर्णन आहे. हा मजकूर एका भिक्षुकाच्या लेखणीतून उतरला आहे, म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे. शरण जाणाऱ्यालाही जगण्याची शाश्वती नाही, हे अशा वर्तनातून मुलखाला कळले, आणि लढाई काल्पी व ग्वाल्हेरपर्यंत लांबली.

दोन्ही बाजूंचा पुरावा त्याच वर्षी मिळतो. मार्चमध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने अयोध्या प्रांतातील बहुतेक जमिनी जप्त केल्याचे जाहीर करताच अनेक तालुकदार, म्हणजे तेथील मोठे जमीनदार, अधिक निकराने लढू लागले. याउलट १ नोव्हेंबरच्या व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याने इंग्रजांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांखेरीज इतरांना माफीचे दार उघडले, तेव्हा पुष्कळांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदाही देण्यात आल्या. ज्यांच्या दत्तकावरून हे सारे पेटले होते, त्या दामोदररावांना मात्र झाशी परत मिळाली नाही; ते इंदुरास लहानशा तनख्यावर राहिले.