तुळशीच्या लग्नाआधी लॉनला खत

आज एका वेगळ्या गिऱ्हाइकाबद्दल बोलू. आमच्या गटातल्या बाया गांडूळखत करतात आणि निंबोळी पेंडही विकतात. आजवर घेणारा कोण, तर हळदवाला, केळीवाला, नाहीतर कुंड्यांसाठी दोन किलो नेणारी शहरातली ताई. पण नांदेडच्या बाहेर कोणत्याही रस्त्याला लागा, मंगल कार्यालयाच्या पाटीवर पुढे 'लॉन्स' लिहिलेलं असतंच. लातूरकडेही तेच. तिथं एवढं गवत राखायचं म्हणजे खत आलंच.

आता हे गवत कोणतं? पुष्कळ ठिकाणी आपली हरळीच, फक्त नर्सरीतून आलेली. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच ही, आणि शेतात शिरली की कुदळ घेऊन जिच्या मागं लागतो तीही हीच. उष्ण मुलखातली गोल्फची मैदानंसुद्धा हरळीच्या सुधारित जातींवर चालतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी संकर करून काढलेली 'टिफवे' ही जात 1960 मध्ये आली, ती अजून मैदानांवर आहे. आपण उपटून बांधावर फेकतो ते लोक पैसे मोजून लावतात, हे ऐकून आमच्या बैठकीत बाया पोट धरून हसल्या.

गोल्फच्या मैदानांना सावकाश लागू पडणारं सेंद्रिय खत देण्याची रीतही जुनी आहे. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरानं सांडपाण्यातला गाळ वाळवून 1926 पासून 'मिलॉर्गनाइट' नावाचं खत विकायला काढलं, आणि त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक गोल्फवालेच होते. कारण साधं आहे. युरियात शंभर किलोला 46 किलो नत्र, आणि ते झटक्यात सुटतं. गवत भसाभस वाढतं, कापून कापून माणूस थकतो, हात जड पडला तर करपलेले पट्टे उठतात. पेंडीत शंभर किलोला नत्र साधारण 5 किलोच, पण ते मातीतले जिवाणू हळूहळू सोडवतात. शिवाय निंबोळीतल्या कडू अंशामुळे मातीतलं नत्र लवकर वाहून जात नाही. म्हणून तर 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबतेल चोळणं सक्तीचं झालं.

पण जिवाणूंना ऊब लागते आणि ओल लागते. थंडी पडली की त्यांचं काम मंदावतं, आणि हरळीही अंग आखडून बसते. थंड देशांतली गवतं वेगळी, ती गारव्यातही वाढतात, त्यामुळं तिथले लोक थंडीच्या तोंडावर खत घालतात ते त्यांना चालतं. आपल्याकडे पाऊस उघडला, जमिनीत ओल आहे आणि दुपारचं ऊन कडक आहे, तेव्हाच खत पडलं पाहिजे. म्हणजे घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत. तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडायला लागतात, तोवर गवत भरून आलेलं असतं.

एका गुंठ्याला 10 किलो पेंड पुरते. त्यातून अर्धा किलो नत्र मिळतं. तेवढंच नत्र गांडूळखतातून द्यायचं तर 30-35 किलो लागतं. दोन्ही मिसळूनही देता येतं. आधी गवत कापून घ्या, खत बारीक चाळणीनं चाळा, कोरड्या गवतावर सारखं फेका, मग पाणी द्या. ढेकळं राहिली तर तिथं खत साचतं आणि गवत ठिपक्याठिपक्यांनी उठतं. अर्धकच्चं शेणखत तर कुणालाच देऊ नका. ते कुजताना जमिनीतलंच नत्र ओढतं, आणि त्यातून तणाचं बी येतं ते वेगळं.

मागं एका लॉनवाल्यांचा फोन आला. दिवाळी होऊन गेलेली, आठ दिवसांवर लग्न. "ताई, दहा पोती पाठवा, पण लग्नाआधी हिरवंगार झालं पाहिजे." दहा पोती म्हणजे आमच्या गटाचा कर्जाचा एक हप्ता. बैठकीत दोन तट पडले. एक आक्का म्हणाल्या, मागतोय तर द्यावं, आपल्याला काय करायचंय? दुसरी म्हणाली, आठ दिवसांत काही दिसणार नाही, वर पेंडीचा वास वऱ्हाडाच्या नाकात जाईल आणि नाव आपलं खराब होईल. दुपारभर घोळ चालला. शेवटी त्यांना खरं ते सांगितलं. तुमची जमीन चुनखडीची, गवत पिवळं आहे ते लोह कमी पडल्यानं असेल. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस घालून फवारा, फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग पडतात. पेंड आत्ता नको, थंडी सरली की माघ-फाल्गुनात घ्या. त्यांनी चार पोती माघात नेली. दहा काही नेली नाहीत. त्या महिन्याचा हप्ता अंतर्गत बचतीतून भरावा लागला, आणि त्यावरून आक्का अजूनही टोमणा मारतात. तरी आम्हाला ते बरोबर वाटतं. सावकाश लागू पडणारा माल झटपट म्हणून विकला, की पुढच्या दसऱ्याला फोन येत नाही.

ज्या गटांना हे काम धरायचं आहे त्यांनी आतापासून तीन गोष्टी पाहाव्यात. निंबोळ्या पिकून पडतात तेव्हा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, गोळा करून सावलीत वाळवा, कारण भिजलेल्या निंबोळीला बुरशी धरते. गांडूळखत पिशवीत भरून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश 1985 चे नियम लागतात. पिशवीवर आकडे छापण्याआधी तालुका कृषी कार्यालयात विचारा आणि खताची तपासणी करून घ्या. सगरोळी आणि पोखर्णीची कृषी विज्ञान केंद्रं आपल्या जिल्ह्यातच आहेत, तिथंही सल्ला मिळतो. आणि लॉनवाल्यांकडे जायचं ते श्रावणात. तेव्हा त्यांच्याकडे लग्नं नसतात, मालक निवांत बसून ऐकतो, आणि दसऱ्याच्या मालाची निम्मी रक्कम आगाऊ मागायलाही तोंड उघडतं.