इंजिन नेमके केव्हा कचरते?

(मराठीच्या अध्यापकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्र, निबंध, सारांशलेखन हे प्रकार आपण वर्गात शिकवतो. बिघाडाचे वर्णन करायला शिकवत नाही. आपले कितीतरी विद्यार्थी पुढे आयटीआयला जातात, गॅरेजमध्ये किंवा बोटींच्या दुरुस्तीच्या कामावर लागतात. तिथे गिऱ्हाइकाची तक्रार कागदावर उतरवायची वेळ आली की एकच वाक्य लिहिले जाते : 'इंजिन बरोबर चालत नाही.' या वाक्यावरून कोणतीही दुरुस्ती सुरू करता येत नाही. मी आज या वाक्याविषयी बोलणार आहे आणि उदाहरणादाखल बोटीच्या पोटात बसवलेले, कार्ब्युरेटर असलेले पेट्रोल इंजिन घेणार आहे.

आपल्याकडचे मासेमारीचे ट्रॉलर डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो. होड्यांचे यंत्र बहुधा मागच्या बाजूस बाहेर टांगलेले असते. मी म्हणतो ते इंजिन जुन्या हौशी बोटींत आढळते. ते निवडण्याचे कारण असे की त्याची तक्रार वरवर एकसारखी दिसते. पण तिच्या मुळाशी अगदी वेगवेगळी कारणे असतात. शिवाय ही तक्रार जिवावर बेतू शकते. चापोरा किंवा साळ नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात आणि त्यांवर लाटा फुटतात. तिथून आत येताना लिव्हर पुढे ढकलताच इंजिनाने उचल घेतली पाहिजे. दोन सेकंद ते कचरले, तर बोट आडवी होऊ शकते आणि पुढची लाट थेट बाजूवर आदळते.

इंजिनाच्या अशा वागण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. इंजिन कचरते, गचके खाते, गुदमरते, दम टाकते. आपण ही क्रियापदे ढोबळपणे, एकाच्या जागी दुसरे अशी वापरतो. ती काटेकोरपणे वापरली, तर प्रत्येक क्रियापद इंजिनाच्या एकेका भागाकडे बोट दाखवते.

'कचरते' म्हणजे लिव्हर झटकन पुढे केली की क्षणभर काहीच होत नाही, मग इंजिन उचल घेते. याचे कारण साधे आहे. थ्रॉटल एकदम उघडला की हवा तत्काळ आत घुसते. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्यामुळे मागे पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये अॅक्सिलरेटर पंप असतो. तो त्या क्षणी पेट्रोलची एक पिचकारी मारतो. पंपाचा पडदा कडक झाला किंवा पिचकारीचे छिद्र बुजले, की ती उणीव तशीच राहते. तपासणी इंजिन बंद ठेवून करता येते : कार्ब्युरेटरवरची, ज्वाळा अडवणारी जाळी काढावी, थ्रॉटल हाताने हलवावा आणि गळ्यात पेट्रोलची धार लगेच व सलग पडते का ते पाहावे.

'गचके खाते' म्हणजे इंजिन मधूनमधून तुटक चालते, विशेषतः ओझे पडल्यावर. इथे आधी ठिणगीचा संशय घ्यावा : प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, पॉइंट, टायमिंग. खाऱ्या दमट हवेत हे भाग लवकर गंजतात. म्हणून कार्ब्युरेटर खोलण्याआधी ठिणगी तपासून घेणे शहाणपणाचे.

'गुदमरते' म्हणजे पेट्रोल जास्त होते. काळा धूर निघतो, वास येतो, प्लग काजळतात. याउलट 'दम टाकते' म्हणजे इंजिन सुरुवातीला ठीक चालते आणि काही वेळ वेगात राहिल्यावर मंदावते. तिथे पेट्रोल वाटेत अडते आहे का ते पाहावे. फिल्टर तुंबलेला असेल, टाकीला हवा मिळण्याची नळी बुजलेली असेल. टाकीचे झाकण जरा सैल करताच इंजिन सावरले, तर दोष त्या नळीत आहे. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते.

आणखी एक गोष्ट. बोट किनाऱ्यावर घेऊन, नळाचे पाणी जोडून इंजिन चालवले तर हा दोष बहुधा दिसत नाही. कारण पंख्यावर पाण्याचा भार नसतो. म्हणून 'कुठे तपासले?' हेही लिहावे लागते. आणि कोणतीही तपासणी करण्यापूर्वी झाकण उघडून तळाचा पंखा काही मिनिटे चालवावा आणि वास घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते.

आता वर्गाकडे येतो. विद्यार्थ्याला चार प्रश्न द्यावेत : बिघाड केव्हा होतो? काय करताना होतो? किती वेळ टिकतो? काय केले की होत नाही? उत्तरे जोडली की वाक्य असे होते : 'इंजिन तापल्यावर लिव्हर झटकन पुढे केली की क्षणभर कचरते, सावकाश पुढे केली तर कचरत नाही.' हे वाक्य वाचणारा मेकॅनिक प्रथम पंप पाहील. चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि तोच आपले विद्यार्थी गाळतात.

याला जोडून एक शिस्तही शिकवावी : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. एकाच दिवशी प्लग, फिल्टर बदलले आणि वर स्क्रूही फिरवला, तर बोट चालू होईल. पण कारण हाती लागणार नाही आणि पुढच्या खेपेस सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल.

कार्ब्युरेटरला मराठी प्रतिशब्द कोणता, यावर आपण खूप वेळ घालवतो. तो शब्द कार्ब्युरेटरच राहू द्यावा. कामगाराला तो कळतो. भाषेची कसोटी क्रियापदांत आहे, आणि तीही आपली आहेत, घरातली आहेत. पुस्तिका इंग्रजीत असते, तक्रार मात्र मराठीत सांगितली जाते. ती तक्रार नेमकी लिहिता येणे ही आपल्या विषयाची जबाबदारी आहे. अंतर्गत मूल्यमापनात दरवर्षी असा एक परिच्छेद लिहून घ्यावा, मग तो इंजिनाचा असो, पंपाचा असो की शिवणयंत्राचा. तपासताना शुद्धलेखनाच्या आधी एवढेच पाहावे : हे वाचून अनोळखी माणूस योग्य जागी हात घालील का?