मैफल डीव्हीडीवर उतरवताना



सह्याद्री वाहिनीवरची एखादी मैफल
तुम्ही डीव्हीडी रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवली असेल.
पण हार्ड डिस्क कधीतरी बिघडतेच.
बिघडली, की सगळंच जातं.
म्हणून आवडते कार्यक्रम डीव्हीडीवर उतरवून घ्या.

आधी जाहिराती कापून टाका.
साधारण दर्जाचं सुमारे २ तासांचं रेकॉर्डिंग एका डीव्हीडीवर मावतं.
मग कॉपी सुरू करा.

आता सर्वांत महत्त्वाचं.
कॉपी झाली, की मेन्यूत जाऊन डीव्हीडी ‘फायनलाइझ’ करा.
म्हणजे काय?
तर डीव्हीडीवर काय कुठे आहे, याची नोंद पक्की होते.
ती पक्की नसेल,
तर डीव्हीडी तुमच्या रेकॉर्डरवर चालेल,
पण मुलीच्या घरच्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही.
कित्येकांची इथेच फसगत होते.
पुन्हा सांगते,
डीव्हीडी फायनलाइझ करा.

सेट-टॉप बॉक्सचं मात्र वेगळं आहे.
त्यातलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कुलूपबंद असतं.
ते त्याच बॉक्सवर दिसतं.

आणि हो, घाई नको.
डीव्हीडी दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा.
चित्र आणि आवाज नीट असल्याची खात्री झाली,
तरच हार्ड डिस्कवरचं मूळ रेकॉर्डिंग पुसा.