बाकावर कोण होतं?

(तलकाड, म्हैसूर इथे मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



म्हैसूरला शिकायला आलेले आपण मराठी विद्यार्थी आज तलकाडला जमलो आहोत. कावेरीकाठची, वाळूतून उकरून काढलेली मंदिरं आत्ताच पाहिली. माझ्या पीएचडीचं कामही उकरण्याचंच आहे. विषय: इंग्रजी अध्यापनाचा इतिहास.

हा इतिहास बहुधा १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणापासून सांगतात. मग १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ ची विद्यापीठं, मग पाठ्यपुस्तकं आणि शिकवण्याच्या पद्धती. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. माझा प्रश्न साधा आहे: वर्गात बाकावर कोण होतं आणि दाराबाहेर कोण?

याच राज्यातलं धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होतं. १८५६ मध्ये तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. तो फी भरायला तयार होता. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूने असेलही, पण एकट्यासाठी बाकीच्यांना दुखवता येत नाही, असा मुंबई सरकारचा सूर होता. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी लंडनहून कळवलं की सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. तरीही कित्येक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना गोणपाटावर वेगळं बसावं लागलं.

मेकॉलेचं गणित असं होतं की वरच्या थोड्यांना शिकवा, ज्ञान खाली झिरपेल. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे या गणिताचा हिशेबच मागितला: महसूल रयतेच्या घामाचा, मग खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का? हे निवेदन त्यांनी इंग्रजीत दिलं. ज्या भाषेत निर्णय होत होते, त्याच भाषेत त्यांनी जाब विचारला. इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासात हे निवेदन मला पहिल्या प्रकरणात हवं आहे.

आता आपल्या घराकडे या. महाराष्ट्रात सरकारी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे चौथीत शाळा सुटलेल्या आपल्या आजीला एबीसीडीही भेटली नाही. तिच्या डोक्यात काही कमी नव्हतं. इंग्रजीचा तास सुरू होण्याआधीच तिची शाळा संपली होती.

म्हणून मुलाखतीत कुणी 'तुमचं इंग्रजी कच्चं आहे' म्हणालं, तर मान खाली घालू नका. इंग्रजी जरूर शिका, कसून शिका. पण या कच्चेपणाला साल आहे, सरकारी निर्णय आहे, हे विसरू नका.

एक काम सांगते. सुट्टीत घरी गेलात की मोठ्यांना विचारा: शाळा कितवीत सुटली? का सुटली? वर्गात कुठे बसवायचे? इंग्रजीचं पहिलं पुस्तक कुणाकडून मिळालं? गाव आणि साल घालून लिहून ठेवा. सरकारी दप्तरात अधिकाऱ्यांची बाजू सापडते. आपल्या घरची बाजू आपल्यालाच लिहावी लागेल.

जय भीम, जय सावित्री.