सायकलची चेन वेळेवर बदला

खापरखेड्यात वीज केंद्र आहे, भोवती कोळसा खाणी आहेत. इथे सायकल चालवणाऱ्याच्या चेनवर कोळशाची धूळ आणि राख बसतेच. ती तेलात मिसळली की कड्यांच्या पिना आतून झिजवते. चेन लांबते ती यामुळे.

चेन तपासायला मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी पुरे. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच पुढे गेली, तर चेन बदला. 1/8 इंच गेली असेल, तर मागचे दातेरी चाक, म्हणजे फ्रीव्हीलही गेलेच समजा. तिथे नवी चेन टाकली तर चढावर जोर देताच ती दातांवरून उडते, आणि पाय घसरून माणूस पडतो. हे गंभीर आहे.

पायडलजवळच्या पुढच्या दातेरी चाकाला साधारण 44 दात, मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणून मागचे दात लवकर झिजतात, पुढचे बरेच टिकतात. पुढचे दात शार्कच्या परासारखे एका बाजूला झुकले नसतील, तर पुढचे दातेरी चाक बदलायचा आग्रह धरू नका. हाच मोठा खर्च वाचतो.

दुकानात जुनी चेन सोबत न्या. साध्या सायकलची चेन रुंद असते, गिअरवालीची अरुंद. तेल घातल्यावर वरचे तेल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर राख पुन्हा चिकटते. चेन ठीक असूनही पायडल मारताना क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, टकटक वाजत असेल, तर आधी ती घट्ट धरणारी कॉटर पिन बघा. ही पिन अगदी स्वस्तात मिळते.