विमानघराचे दार आणि शेतकऱ्याची जमीन



बदनापुरात विमानघराच्या दारावर व्याख्यान, हे ऐकून काही मंडळी गालांतल्या गालांत हसली असतील. परंतु समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, तेव्हा जमीन देणे म्हणजे काय, हे आपल्या परिसराने अनुभवले आहे. आपल्या जालना रस्त्यावरच्याच चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी वाढविण्यासाठी भोवतालच्या शिवारांतील जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. पुरंदर तालुक्यातील सात गावांच्या शेतकऱ्यांनी 2025 साली नियोजित विमानतळास निकराचा विरोध केला. धावपट्टीची लांबी विमान ठरविते. तेथे कोणाचे फारसे चालत नाही. विमानघरास, म्हणजे हँगरास, किती जागा लागावी हे मात्र पुष्कळ अंशी त्याचे दार ठरविते, आणि दार माणूस निवडतो.

आम्ही पडलो शाळामास्तर, तेव्हा हिशेबच मांडू. वैमानिकांच्या शिक्षणासाठी सेसना 172 हे लहान विमान पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्याच्या पंखांची रुंदी सुमारे 36 फूट व लांबी 27 फूट. त्यास 42 फूट रुंद दार व 33 फूट खोल घर धरू. दार एकसंध असून बाजूस सरकणारे असेल, तर उघडल्यावर ते जाणार कोठे? शेजारी आणखी 42 फूट जागा हवी. अशी दहा घरे एका ओळीत बांधली, तर 420 फुटांची ओळ 840 फुटांची होते. जादा जागा 13,860 चौरस फूट. 1,089 फुटांच्या गुंठ्याने जवळजवळ पावणेतेरा गुंठे! वीस फुटांवर एक याप्रमाणे तेवढ्या रानात मोसंबीची चौतीस झाडे उभी राहतील. शेजाऱ्याच्या दारापुढून आपले दार सरकविले तर जागा वाचते खरी, पण त्याचे विमान आत कोंडले जाते. बांधावरच्या भांडणांचा अनुभव असणाऱ्यांस अधिक सांगणे नलगे.

त्याच दाराची सात-सात फुटांची सहा कवाडे करून समांतर रुळांवर चालविली, तर ती सात फुटांत एकामागे एक मावतात. परंतु आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया कच्चा असल्यास रूळ वाकडे होतात, आणि चिखल-खडे अडकतात ते वेगळेच.

मध्ये बिजागरी असलेले, वर दुमडत जाणारे दार बाजूची जागा मुळीच मागत नाही. त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागते. दुमडलेले दार चौकटीच्या माथ्याशी लोंबते, म्हणून घर थोडे उंच हवे. सारा भार माथ्यावर येतो, म्हणून लोखंड जड हवे. जालन्यासारख्या लोखंडाच्या गावाशेजारी हा खर्च आम्हांस जमिनीपेक्षा हलका वाटतो. अखंड उचलले जाणारे दारही आहे; ते छपरीसारखे पुढे येते, तेव्हा समोरचे अंगण मोकळे ठेवणे भाग पडते.

नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग कंपनीने एअर इंडियासाठी दुरुस्तीकेंद्र उभारले. बोइंग 777-300 ईआर विमानाचे पंख सुमारे 212 फूट. एवढ्या रुंदीस रुळांवरील अनेक कवाडांचीच पद्धत रूढ आहे, व ती योग्यही आहे. लहान विमानांसाठी मात्र आमचा कौल दुमडणाऱ्या दारास. वीज गेल्यास हाताने फिरवावयाची साखळी तेवढी मोटारीबरोबरच मागून घ्यावी.